फुआतिनोने अडवलेली होडी

माझी सासू फुआतिनो हिच्याबद्दल चार चांगले शब्द बोल, असं मला कोणी सांगितलेलं नाही. माझ्या माहेरच्यांनी ऐकलं तर उलट हसतील. लग्न होऊन मी बेटाच्या पूर्वेच्या टोकाहून या पश्चिमेच्या टोकाला आले, आणि तेव्हापासून या बाईने माझं एक काम गोड मानून घेतलं नाही. तारोचा कंद सोलला तर सालीबरोबर निम्मा गेला म्हणायची, मासा भाजला तर कोरडा झाला म्हणायची. अंगण झाडलं की मागून येऊन पुन्हा झाडायची. "आमच्या आनेतेरेआने बायको नाही आणली, भूक लागलेलं एक तोंड आणलं," हे ती शेजारणींना माझ्यादेखत सांगायची. आनेतेरेआ म्हणजे माझा नवरा. तो बिचारा अशा वेळी जाळं दुरुस्त करायला समुद्रावर निघून जायचा.

तरीही चर्चच्या अंगणात बसून आजची पोरं जेव्हा मला शिकवतात, की म्हातारे, तापाच्या त्या साथीत आपलं तुतुइला बेट वाचलं ते पागोपागो बंदरातल्या गोऱ्या साहेबाच्या हुकुमामुळे, तेव्हा माझं डोकं फिरतं. हुकूम साहेबाचा होता, खरं आहे. चांगला होता, हेही खरं. आरमाराचा माणूस असून त्याला अक्कल होती. पण होडी किनाऱ्याला येते तेव्हा हुकूम काही छातीएवढ्या पाण्यात उभा राहत नाही. तिथे माणूस लागतं. आमच्या गावात ते माणूस माझी सासू होती, आणि समुद्राच्या बाजूने एक दुसरं माणूस होतं. दोघांबद्दल सांगते.

फुआतिनो मूळची उपोलूची, पलीकडच्या बेटाची. तिच्या माहेरी भाऊ एकच, तिच्याहून धाकटा. त्याचं नाव फिलेमोनी, पण पुढे त्याला घराण्याची गादी मिळाली आणि तो माउगालोआ झाला. मोठा सरदार. त्याच्यासमोर बोलताना लोक शब्द निवडून बोलायचे. फुआतिनो लग्न होऊन इकडे आली, नवरा बोनिटोच्या मासेमारीत बुडाला, आणि तिने एकटीने माझ्या नवऱ्याला वाढवलं. खडकांत हात घालून ऑक्टोपस काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आवाज असा की ती परसात बोलली तर पाद्रीबुवांना प्रार्थनेत खंड पडायचा. दर वर्षी भावाची होडी यायची. त्यात तिच्यासाठी डुकराच्या पाठीच्या मांसाचा वाटा असायचा, तेलाचे बुधले असायचे, आणि सगळ्यांत आधी तो मान तिच्या दारात पोचायचा, मग गावच्या सरदाराच्या.

आमच्यात बहिणीचं स्थान काय, हे मी माझ्या मुलांना कधी समजावून सांगितलं नाही, कारण ते दुधाबरोबरच पोटात जातं. बहीण म्हणजे भावाच्या डोळ्याचा आतला कोपरा, असं म्हणतात. त्याला बोट लागू द्यायचं नाही. भाऊ कितीही मोठा सरदार होवो, बहिणीपुढे त्याचा आवाज चढत नाही, आणि तिने तोंडातून काढलेला शाप भावाच्या लेकरांना लागतो. म्हणून आत्याला लोक जपून असतात. माझ्या सासूला सगळं गाव जपून होतं, त्याला मात्र शापापेक्षा तिची जीभ कारण होती.

साथ आली त्या वर्षी माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आधी पागोपागोहून बातमी आली की उपोलूला एक बोट लागली, तिच्यात तापाची माणसं होती आणि तिथल्या गोऱ्यांनी ती उतरू दिली. मग एकेक ऐकू येऊ लागलं. घरंच्या घरं आडवी झाली. भट्टी पेटवायला माणूस नाही, पाणी द्यायला माणूस नाही. माणसं चटईत गुंडाळून एका खड्ड्यात चार-चार ठेवली जातात, वर प्रार्थना म्हणणारा पाद्री उद्या त्याच खड्ड्यात. फुआतिनो नुसतं ऐकायची. त्या दिवसांत मी मासा कोरडा केला तरी ती बोलली नाही, तेव्हा मला भीती वाटली.

मग साहेबाचा हुकूम आला. पलीकडून येणारी एकही होडी लागू द्यायची नाही. टपालसुद्धा नको. आमचं गाव उपोलूच्या तोंडावर, म्हणून पहारा आमच्यावर सगळ्यांत जड. पहाऱ्याचा प्रमुख केला सोलिआईला. सोलिआई आमच्या गावचा वक्ता. सरदाराच्या वतीने बोलायचं ते त्यानेच. पाहुणे आले की हातातली काठी टेकून उभा राहायचा आणि पाहुण्याच्या सात पिढ्यांची नावं बिनचूक घेऊन असं स्वागत करायचा की पाहुण्याला आपण एवढे मोठे आहोत हे पहिल्यांदाच कळायचं. त्या माणसाला होड्या परतवायला बसवलं होतं. तरी त्याने दोन परतवल्या. एक कोळ्यांची होती, एक खोबऱ्याच्या व्यापाऱ्याची. किनाऱ्यावरून ओरडला, मुलांनी दंडुके दाखवले, त्या गेल्या. सोलिआई संध्याकाळी छाती काढून फिरला.

तिसरी होडी आली ती रविवारी, दुपारची प्रार्थना सुटल्यावर. लांब होडी, पण वल्ही चालत होती ती अर्धीच. जवळ आली तसं दिसलं की बाकीची माणसं तळाशी पडलेली आहेत. आणि पुढच्या टोकावर एक उंच माणूस उभा होता. डोक्याला पानांची पट्टी, खांद्यावर सरदाराची काठी. माउगालोआ.

आता ऐका, आमच्या लोकांनी काय केलं ते. दुसरीकडच्या माणसांनी हे केलं नसतं. पहाऱ्यावरच्या मुलांनी त्याला ओळखलं आणि पटापट वाळूत मांडी घालून बसली. सरदार समोर असताना उभं राहायचं नाही, हे त्यांना दंडुका धरण्याच्या कितीतरी आधी शिकवलेलं. दंडुके मांडीखाली गेले. आणि सोलिआई, आमचा पहारेकऱ्यांचा प्रमुख, त्याने काठी टेकली, घसा साफ केला, आणि त्याच्या तोंडातून आपसूक निघालं, "सुसू माय! यावं, माउगालोआ यावं! समुद्राने आपल्याला वाट दिली, गाव आपलंच आहे, या आणि विसावा!"

पुढचं नाव घ्यायला त्याने तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. आपण काय बोललो हे त्याला तेव्हा कळलं. पण शब्द तोंडातून गेला तो गेला. वक्त्याने सगळ्या गावाच्या वतीने स्वागत केलं होतं. ते परत घेणं म्हणजे गावाची आब समुद्रात बुडवणं. आमच्या नातवंडांनाही त्यावरून टोमणे ऐकावे लागले असते. आणि परत न घेणं म्हणजे काय, ते आम्हाला होडीच्या तळाशी दिसत होतं. कोणी हलेना. सोलिआई काठीला असा लोंबकळला होता की काठी काढली असती तर पडला असता.

"अहो आई," मी घराकडे धावत गेले. "मामा आलेत. सोलिआईकाकांनी त्यांना या म्हटलंय."

फुआतिनो केळीची पानं पुसत होती. तिने हातातलं पान खाली ठेवलं. "त्या पोपटाला कोणी बसवलं होतं पहाऱ्यावर?" एवढंच म्हणाली, आणि चालू लागली. धावली नाही. वाळूत बसलेल्या मुलांच्या मधून गेली, सोलिआईच्या बाजूने गेली, पाण्यात शिरली. आमच्या किनाऱ्याला बाहेर प्रवाळाची भिंत आहे, आणि होडी आत यायला एकच फट. त्या फटीच्या काठावर, जिथे ती रोज ऑक्टोपस शोधायची, तिथे ती जाऊन उभी राहिली. पाणी छातीला लागत होतं. होडी आत आणायची तर तिला वल्ह्याने बाजूला ढकलावं लागलं असतं.

"मोनी," ती म्हणाली. सगळ्या गावासमोर तिने सरदाराला लहानपणच्या नावाने हाक मारली. "थांबव."

वल्ही थांबली. आणि माउगालोआ, जो उभा होता, तो होडीत खाली बसला. बहीण पाण्यात आणि आपण तिच्या वर उभे, हे त्याला चालणारं नव्हतं.

"ताई," तो म्हणाला. आवाज बसलेला होता. "घरात रोज मढं आहे. बायकोला, लोसाला ताप, धाकट्या लेकीला ताप. हे वल्हेकरी धडधाकट दिसतात, उद्या दिसतील की नाही देव जाणे. कुठे जाऊ? तुझ्याकडे आलो."

"माझ्याकडेच यायचं. दुसरीकडे कुठे जाशील?"

"मग बाजूला हो. तुझ्या गावाने या म्हटलंय."

"त्या सोलिआईपुढे गाईगुरं आली तरी तो या म्हणेल. त्याचं तोंड तसंच आहे." मागे वाळूवर कोणी तरी हसलं आणि लगेच गप्प झालं. "मी नाही म्हटलं या. माझ्याकडे बघ. इकडे तीनशे माणसं आहेत. सगळी धडधाकट आहेत. माझा आनेतेरेआ आहे. त्याची बायको आहे, काही कामाची नाही, पण पोटुशी आहे."

पोटुशी असल्याचं मी तिला सांगितलं नव्हतं. कोणालाच नव्हतं सांगितलं.

होडीच्या तळाशी कोणी तरी खोकत होतं, ते थांबेना. सगळ्यांना वाटलं, आता ती शाप घालणार. शाप घातला असता तर होडी फिरली असती, त्यात शंका नव्हती.

"तुला शाप घालू?" फुआतिनोने विचारलं. जणू काही आमच्या मनातलं तिने ऐकलं होतं. "नाही घालणार. शापाला भिऊन फिरलास तर लोक म्हणतील माउगालोआ घाबरला. मी मागते तुझ्याकडे. आयुष्यात काही मागितलं नाही, तू न मागताच देत आलास. आज मागते. हे गाव मला दे."

तो तिच्याकडे बघत नव्हता. बहिणीकडे असं टक लावून बघायचं नसतं. तो पाण्याकडे बघत होता. मग म्हणाला, "ताई, आपली पुन्हा भेट होणार नाही."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "माहीत असून मागतेय. तुला काय वाटलं, तुझी ताई वेडी आहे?"

"नाही," तो म्हणाला. "दिलं."

आणि मग त्याने जे केलं त्यासाठी मी या माणसाचं नाव माझ्या थोरल्या मुलाला दिलं. तो होडीत पुन्हा उभा राहिला, पण तिच्याकडे तोंड न करता, किनाऱ्याकडे तिरपा, बहिणीपुढे उभं राहिल्यासारखं होऊ नये म्हणून. काठी टेकली. आणि सोलिआईच्या स्वागताला पाहुण्याने द्यायचं उत्तर त्याने दिलं. पूर्ण. एक शब्द गाळला नाही. आमच्या सरदाराचं घराणं घेतलं, वक्त्यांची घराणी घेतली, आमच्या मैदानाचं नाव घेतलं. आम्ही आलो, आमचं स्वागत झालं, आम्ही बसलो, खाल्लं, विसावलो, असं म्हणाला. पाहुणचारात काही कमी पडलं नाही, गावाच्या पदरात दोष नाही, आता आम्हाला निरोप द्यावा. मध्ये दोनदा खोकला आला, तेव्हा थांबला आणि पुन्हा तिथूनच उचललं. छातीएवढ्या पाण्यापलीकडूनच, किनाऱ्याला पाय न लावता, त्याने आमच्या गावची भेट घेतली आणि पुरी केली. सोलिआईचा शब्द खोटा पडू दिला नाही.

सोलिआई ढसाढसा रडत निरोपाचं बोलला. वक्ता रडत बोलताना मी तेवढा एकच पाहिला.

मग बायका पळाल्या. रविवारचं जेवण भट्टीतून नुकतंच निघालं होतं. तारो, भाजलेला नीरफणस, नारळाच्या दुधातली पानं, सगळं टोपल्यांत भरलं, हिरवे नारळ घातले, एका छोट्या होडीत ठेवलं आणि ती माणसाविनाच फटीतून ढकलून दिली. "होडी परत आणू नका," आनेतेरेआ ओरडला, "ठेवा तुम्हालाच!" ती त्याची एकुलती एक होडी होती. माउगालोआने हात वर केला. मोठी होडी वळली, छोटी मागे बांधलेली, आणि वल्हेकऱ्यांनी गाणं धरलं. आजारी माणसांनी गाणं धरायचं म्हणजे काय असतं, ते ज्याने ऐकलं त्याला कळेल.

फुआतिनो पाण्याबाहेर आली पण घरी आली नाही. "कोणी हात लावू नका मला," म्हणाली. त्या होडीचा वारा तिच्या तोंडावर आला होता. किनाऱ्याच्या टोकाला झावळ्यांची खोप होती तिच्यात ती राहिली, कोणी सांगितलं म्हणून नाही. मी सकाळ-संध्याकाळ एका खडकावर जेवण ठेवून यायचे. ती लांबून ओरडायची, "मासा कोरडा आहे!" तेवढ्याने मला बरं वाटायचं. ती आजारी पडली नाही. पुढे आमच्या अख्ख्या बेटावर त्या साथीने एक माणूस गेलं नाही. एक सुद्धा नाही. तिकडे उपोलूला पाचातला एक गेला.

माउगालोआ गेल्याची बातमी फार उशिरा आली, तीही उडत-उडत. परत पोचल्यावर थोड्याच दिवसांत गेला म्हणे. लोसा जगली. धाकटीचं काही कळलं नाही. गावात लोक फुआतिनोला म्हणू लागले की तू गाव वाचवलंस. एकदा सोलिआई भर सभेत तसं म्हणाला, तेव्हा तिने त्याच्या अंगावर नारळाची शेंडी फेकली. "मी काय केलं? पाण्यात उभी राहिले. माझ्या जागी खांब रोवला असता तरी तेच केलं असतं. खांब बघून कोण वळतं रे? तो वळला." आणि रात्री मात्र ती एकच गोष्ट मला विचारायची, मला, जी काही कामाची नव्हते: "तुमेमा, तो मरताना माझ्यावर रागावला असेल का गं?"

बोटी सुरू झाल्या तेव्हा आमचा मुलगा चालायला लागला होता. फुआतिनोने तिच्याकडची सगळ्यांत जुनी, सगळ्यांत मऊ चटई काढली. आनेतेरेआ म्हणाला, "आई, नको. त्यांचा सरदार गेलाय. तिथे काय होईल सांगता येत नाही." ती म्हणाली, "म्हणूनच जायचं." आमच्यात ज्याच्या हातून मोठा अपराध घडतो तो पहाटे दुखावलेल्या घरासमोर जाऊन बसतो, डोक्यावरून चटई ओढून, मान खाली घालून. घरच्यांनी येऊन चटई उचलली तर माफी. जुन्या काळी नाही उचलली तर कुऱ्हाड यायची. आता कुऱ्हाड येत नाही, पण माणसं तशीच दिवसभर बसवून ठेवतात, आणि ते मरणापेक्षा फार कमी नसतं.

आम्ही तिघं आणि बाळ उपोलूला गेलो. ती भावाच्या घरासमोर बसली. चटईखाली ती एवढीशी दिसत होती. आम्ही तिच्या मागे बसलो. उजाडलं. घरातली माणसं उठली, आम्हाला बघितलं, आत कुजबुज झाली. लोसा खांबाशी येऊन उभी राहिली. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. केस सुतकात कापतात तसे कापलेले होते. ती आली नाही. ऊन नीरफणसाच्या झाडाच्या बुंध्याला आलं, मग चटईवर आलं. बाळ रडलं, मी त्याला दूध पाजलं. चटई हलली नाही. तिच्या वयाच्या बाईला तसं बसणं म्हणजे गुडघ्यांचं काय झालं असेल, ते मला माहीत आहे. पुढे मीच तिला तेल लावायचे.

शेवटी लोसा चालत आली आणि तिने चटई अशी ओढली की फुआतिनो एका हातावर कलली.

"वन्सं," लोसा म्हणाली. "ते जाताना काय बोलून गेले सांगू? म्हणाले, ताई येईल. चटई डोक्यावर घेऊन बसेल, हट्टी आहे ती. तिला एक क्षण बसू देऊ नका. बहीण भावाच्या दारात वाकत नाही. तिने माझ्याकडे गाव मागितलं आणि मी दिलं, एवढं मोठं दान आपल्या घराण्यात कोणी दिलेलं नाही, असं सगळ्यांना सांगून गेले. अभिमानाने सांगून गेले." तिने डोळे पुसले. "एक क्षण बसू नका देऊ म्हणाले होते. मी बसू दिलं. इतका वेळ बसू दिलं. माझी धाकटी त्या होडीत गेली, परतीच्या वाटेवर. तेवढं बसवणं माझं होतं. आता चटई काढली, ती त्यांची आज्ञा."

फुआतिनो उठली नाही. तिने चटईचा काठ धरला आणि पुन्हा डोक्यावर ओढायला लागली.

"मग अजून बसते," ती म्हणाली. "तुझा राग संपू दे."

लोसाने तिचा हात धरला. "तो नाही संपायचा, वन्सं," ती म्हणाली. "उठा. आत चला. कोको निवतोय."